वेशीवरचा गुळाचा खडा

फार पूर्वी, राजेलोक एकमेकांकडे पाहुणे म्हणून जात त्या काळी, एका नगरीच्या वेशीवर सगुणा नावाची बाई असे. येईल त्याला पाणी देणे हे तिचे काम. वाटसरूला नुसते पाणी, पण परमुलखाचा राजा किंवा राजदूत आला तर सोबत गुळाचा खडा. तो खडा तोंडात टाकला, की वेशीच्या आत त्या पाहुण्याला कोणी हात लावायचा नाही, मग त्याच्यावर कसलाही आरोप असो. सगळ्याच राज्यांत हा रिवाज होता.

एके दिवशी दवंडी पिटली गेली, की नदीपलीकडचा राजा भेटीला येतो आहे. सगुणा त्याला विसरली नव्हती. दोन वर्षांपूर्वी या राजाच्या नावेला वाट हवी होती, म्हणून त्याने काठापासून काठापर्यंत ताणलेल्या दोराच्या आधाराने चाललेल्या, जत्रेकरूंनी भरलेल्या होडीचा दोर कापायला लावला होता. होडी धारेत उलटली आणि अकरा माणसे बुडाली. त्यांतलाच एक, होडी चालवणारा, सगुणाचा धाकटा भाऊ होता. राजा म्हणे, दोर जुना होता, तुटला. पण नगरीच्या कोतवालाने तो दोर जपून ठेवला होता आणि त्याचे टोक सुरीने कापावे तसे साफ होते.

कोतवाल लगबगीने वेशीवर आला. "सगुणाबाई, फक्त म्हणा की गूळ संपला. खडा नाही तर अभय नाही. इथेच धरतो त्याला."

किती सोपे होते. गुळाचा डबा मागे सरकवला की झाले. तिचा हात डब्याकडे गेलाही, पण मध्येच थांबला.

"आपले राजदूत बायकापोरांसह त्याच्याच नगरीत राहतात ना?" तिने विचारले. "तिकडच्या वेशीवर त्यांनीही गूळ खाल्ला असेल."

"खाल्ला आहे."

"मग आपण इथे खोटं वागलो, तर तिथे त्यांचा खडा कोण मानील?"

कोतवाल आल्या पावली परत गेला.

राजा आला. सगुणाने त्याच्या हातावर खडा ठेवला आणि पदराने डोळे पुसले.

"रडतेस का?" राजाने विचारले.

"त्या होडीवर माझा भाऊ होता, महाराज."

राजाने मान खाली घातली, गूळ खाल्ला आणि आत गेला. चार दिवसांनी तो सुखरूप परतलाही. लोकांनी मात्र सगुणाला सोडले नाही. भावाच्या मारेकऱ्याचे तोंड गोड करणारी बाई, असे तिला तोंडावर म्हणत. ती ऐकून घेई आणि घरी जाऊन रडे.

सहा वर्षे गेली. नदीपलीकडच्या लोकांनी उठाव करून राजाला गादीवरून खाली ओढले. त्या धुमश्चक्रीत सगळे लुटले गेले, पण या नगरीने गुळाचा मान राखला होता, म्हणून तिच्या राजदूताच्या दाराला कोणी हात लावला नाही. तो बायकामुलांसह घरी परतला आणि वेशीवर सगळ्यांदेखत सगुणाच्या पाया पडला.

त्यानंतर महिन्याभराने, भर दुपारी, धुळीने माखलेला एक म्हातारा वेशीवर आला. ओठ सुकलेले, पायात वहाण नाही. सगुणाने त्याला ओळखले. कोतवालालाही निरोप गेला.

म्हाताऱ्याने हात पसरला. "बाई, गूळ दे. मागे दिला होतास."

"तो तुमच्या गादीला दिला होता. आता गादी नाही, म्हणून गूळही नाही. पाणी मात्र आहे. पाणी तहानलेल्यासाठी असतं. घ्या."

त्याने ओंजळ पुढे केली. तेवढ्यात कोतवाल तो जुना दोर घेऊन पोचला आणि म्हाताऱ्याला धरू लागला.

"थांबा जरा," सगुणा म्हणाली. "आधी पाणी पिऊ द्या त्यांना."

म्हातारा पोटभर पाणी प्यायला. मग दोराच्या साफ कापलेल्या टोकाकडे पाहत म्हणाला, "मीच कापायला लावला होता." आणि स्वतःहून कोतवालाबरोबर न्यायाधीशाकडे चालू लागला.

सगुणाने तांब्या विसळला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच नदीकडे पाहत बुडालेल्या भावाला मोठ्याने हाक मारली.

तात्पर्य: पदाला दिलेले अभय प्रामाणिकपणे पाळावे; पद उतरले की केलेल्या कर्माचा जाब द्यावाच लागतो.