पोत्याखालचा दिवा

फार पूर्वी, जिथे खाडी समुद्राला मिळते तिथे ख्रिस्ती कोळ्यांचं एक गाव होतं. गावाच्या टोकाला चर्च, चर्चला घंटेचा मनोरा, आणि मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत पश्चिमेकडे तोंड करून टांगलेला खोबरेल तेलाचा मोठा दिवा. तो दिवा लावणारा एक दिवेकरी होता. माणूस कामसू, पण मनाला घडीभर चैन नाही.

खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली दोन खडक होते. अंधार पडल्यावर परतणारे कोळी होडीचं नाक त्या दिव्यावर धरत आणि दोन्ही खडकांमधून नीट आत येत. शेवटच्या होडीचा नाखवा धक्क्यावरून ओरडे, "आलो रे, उतरव दिवा!" मगच दिवेकऱ्याची सुटका होई. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तर ही रीत आणखी कडक. शेवटची होडी लागल्याशिवाय गावात एकही कंदील पेटत नसे. होडी लागली की दिवेकरी तोच दिवा खाली आणी. त्याच्या ज्योतीवर चर्चमध्ये मांडलेल्या बाळ येशूच्या गोठ्यातली मेणबत्ती लागे, आणि मग घरोघरचे कागदी तारे.

काम असं मानाचं, पण दिवेकऱ्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. त्याचं लक्ष सदा आकाशात. मृगातल्या ज्या तीन ताऱ्यांना शेजारच्या गावचे लोक बाण म्हणत, ते त्याला बाळ येशूला भेटायला निघालेले तीन राजे वाटत. थंडीत हंसाचे तारे मावळतीला उभे राहिले की त्यांत त्याला क्रूस दिसे. पहाटेची शुक्राची चांदणी म्हणजे मारियामाता. सगळं दिसे, पण त्याच्याशी बोलत कुणीच नसे, आणि हेच त्याला आतून खात होतं.

"इतकी वर्षं दिवा लावतोय," तो बायकोला म्हणे, "मी इथे आहे हे देवाला माहीत तरी आहे का? एखादी खूण दाखवायला त्याचं काय जातंय?"

"तुला खूण हवी, मला विहिरीचं पाणी हवंय," बायको म्हणे. "आधी ते आण. आणि खाली बघून चाल. परवाच जाळ्यात पाय अडकून आपटलास."

त्या वर्षी गुरू आणि शनी रोज संध्याकाळी एकमेकांच्या जवळ सरकत होते. फादरांनी उपदेशात सांगितलं, "तीन राजांना दिसलेला तारा म्हणजे हेच दोन ग्रह एकत्र आले असावेत, असं काही जाणकार म्हणतात. खरं काय ते देवाला ठाऊक. पण एक लक्षात ठेवा, ग्रहांना स्वतःचा उजेड नसतो. सूर्याकडून मिळतो तोच ते पुढे देतात."

दिवेकऱ्याने पहिलं वाक्य ऐकलं. पुढचं काही त्याच्या कानात शिरलंच नाही. हीच आपली खूण, असं त्याने ठरवूनही टाकलं. तेव्हापासून त्याला ना धड झोप, ना धड जेवण. ताटावरून उठून तो मधेच दाराशी जाई आणि भर दुपारीही पश्चिमेकडे बघून येई. दुपारी कुठला ग्रह दिसायला बसलाय, पण सांगणार कोण?

नाताळची आदली संध्याकाळ आली. दिवेकरी वेळेआधीच मनोऱ्यावर चढला, दिवा लावून खिडकीशी उभा राहिला. सूर्य बुडाला. होड्या एकेक करून आत आल्या. एकच राहिली, गावातल्या सगळ्यात जुन्या नाखव्याची. खाली लोक न पेटवलेले कागदी तारे हातात धरून चर्चच्या पायऱ्यांवर थांबले होते. गावभर अंधार होता.

दोन्ही ग्रह समुद्रावर खाली उतरत होते. आज ते एक होणार! पण क्षितिजाजवळ धुरकट होतं आणि दिव्याचा झोत नेमका दिवेकऱ्याच्या डोळ्यांवर येत होता. त्याने डोळ्यांवर हात धरला. खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं. काही जमेना. आणखी थोड्या वेळात ते बुडणार आणि आपण असेच राहणार, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

"होडी एकच तर राहिलीय," त्याचं मन म्हणालं. "आणि नाखवा मुरलेला. त्याला डोळे मिटूनही वाट सापडेल. शिवाय दिवा विझवायचाय कुठे? जरासा झाकायचा."

वातींचा कापूस ज्या पोत्यात ठेवलेला असे, ते जाड पोतं त्याने उचललं आणि दिव्यावर टाकलं.

आकाश एकदम जवळ आलं. समुद्राच्या वर दोन्ही ग्रह एकमेकांना चिकटून लखलखत होते. दिवेकऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "बोल," तो म्हणाला, "आता तरी बोल माझ्याशी."

आणि खरंच आवाज आला. पण तो वरून नव्हता. खालून, काळ्या पाण्यावरून येत होता. तान्हं मूल रडत होतं.

पाठोपाठ नाखव्याची हाक आली, "दिवाऽ! अरे, दिवा कुठाय?"

दिवेकऱ्याने पोतं ओढून काढलं. खाली दिवा गुदमरून विझला होता. त्याने काडी ओढली, ती खाऱ्या हवेने सादळलेली. दुसरी ओढली, तीही तशीच. मग तो जिन्यावरून धडपडत खाली पळाला आणि चर्चमध्ये शिरला. तिथे वेदीपाशी कधीही न विझणारा लाल काचेतला लहान दिवा जळत होता. फादर गोठ्यात गवत पसरत होते.

"फादर, मनोऱ्यावरचा दिवा विझला!"

"विझला?"

"मी... मी झाकला होता."

फादरांनी हातातलं गवत टाकलं. वेदीपाशी मेणबत्ती पेटवून त्याच्या हातात दिली. दिवेकरी पळत वर निघाला. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ज्योत वाकत होती. त्याने तिच्याभोवती तळहात धरला, हात भाजू लागला, तरी काढला नाही. खालून लाकूड खडकावर घासल्याचा आवाज आला. त्याने वात लावली. दिवा पेटला. आकाशाकडे बघायचं त्याला सुचलंही नाही.

होडी आली ती कलतच. लोकांनी कंबरभर पाण्यात शिरून ती ओढून घेतली. एका बाजूची फळी फुटली होती, नाखव्याच्या कोपरातून रक्त येत होतं.

"डोळे कुठे होते तुझे?" धक्क्यावर धावत आलेल्या दिवेकऱ्याला नाखव्याने विचारलं.

"वर," दिवेकरी म्हणाला.

तेवढ्यात होडीतून एक बाई उतरली. ती दिवेकऱ्याची लेक होती, खाडीपलीकडच्या गावात दिलेली. बाळ फार लहान आहे, नाताळला येत नाही, असा तिने निरोप धाडला होता. पण नाखव्याची होडी पाणी भरायला तिच्या गावी लागली, तेव्हा आईबापांना चकित करावं म्हणून ती बाळाला घेऊन बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, अजून तिचे दात वाजत होते, "हा होडीत काही केल्या राहीना. मग मी त्याला लांबून दाखवलं, तो बघ आजोबांचा तारा. बघत बघत गप्प झाला हो. आणि एकदम तारा गेला."

दिवेकरी मान खाली घालून उभा राहिला. त्याला खूप रडू आलं. बायकोने नातवाला पदरात गुंडाळलं.

लोक अंधारात थांबले होते. हाक दिल्याशिवाय दिवा उतरत नाही. नाखव्याने फुटक्या फळीवरून हात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आलो रे. उतरव दिवा."

दिवेकऱ्याने दिवा खाली आणला. गोठ्यातली मेणबत्ती लागली, एकेक कागदी तारा पेटत गेला. त्याने दिवा कशासाठी झाकला ते ओळखून फादरांनी हळूच विचारलं, "दिसला का तुझा तारा?"

दिवेकऱ्याने भाजलेल्या तळहाताकडे पाहिलं. "माझ्याजवळच होता, फादर," तो म्हणाला. "मीच त्यावर पोतं टाकलं."

होडीची फळी त्याने स्वतः नाखव्याबरोबर खपून बसवली. चैन त्याला पुढेही कधी पडली नाही. पण आता त्याचे डोळे अंधार पडल्यापासून समुद्रावर असत, आणि शेवटची हाक आल्यावरच तो मान वर करून चांदण्या बघे.

तात्पर्य: देवाची खूण शोधायला वर जरूर बघावं, पण आपल्या उजेडावर कुणी घरी येत असेल, तर आधी तो उजेड सांभाळावा.