न दिसलेली ओळ

कार्यालयांत संगणक नुकते रुळले होते, तेव्हाची ही गोष्ट. एका औषध कारखान्याच्या संगणकात पत्रिका नावाची फाइल राहायची. खोकल्याच्या औषधाबरोबर द्यायची सगळी माहिती तिच्या पोटात होती. तिला पडद्यावर मांडून दाखवायचा तो दर्शन नावाचा ब्राउझर. "काय देखणी दिसतेस गं!" असं तो रोज म्हणायचा, आणि पत्रिका हरखून जायची.

छपाईच्या दिवशी पत्रिकेला पारखीसमोर उभं राहावं लागलं. पारखी म्हणजे संगणकाच्या काळ्या खिडकीत राहणारी तपासनीस आज्ञावली. तिच्याकडे ना रंग, ना चित्रं. आज्ञा आली की ती फाइल अक्षरन् अक्षर वाचून काढायची.

वाचता वाचता पारखी थांबली. "बाई, इथे तू टिपणाची, म्हणजे पडद्यावर न दाखवायच्या मजकुराची, खूण उघडलीस, पण बंद केली नाहीस. त्यामुळे पुढच्या टिपणाच्या शेवटापर्यंतची ओळ त्यातच गडप झाली. ती कुणालाच दिसत नाही."

"कोणती ओळ?"

"'दोन वर्षांखालील बाळांना हे औषध देऊ नये.'"

 पत्रिका दर्शनकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"खूण चुकलेली दिसली होती," दर्शन पुटपुटला. "पण तुला वाईट वाटलं असतं. मी आपलं सांभाळून घेतलं."

"माझं मन सांभाळलंस रे! आणि त्या बाळांचं काय?"



पारखीचा शेरा वाचून कारखान्यात छपाईचं काम पाहणाऱ्या इंदुमतीबाईंनी घाईघाईने छपाई थांबवली आणि खूण बंद केली. ओळ पडद्यावर ठळक उमटली. तरी पत्रिका जागची हलेना.

"पारखी," ती म्हणाली, "पुन्हा वाच. पहिल्या अक्षरापासून."