लाभ, दोन, तीन

एकदा एक फरश्यांचा व्यापारी पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारी आला. आनंद नुसता उतू चालला होता.

"गुरुजी, गोदामात मोजणीचं यंत्र आणलंय! प्रत्येक खोक्यावर चिप. यंत्र थप्प्यांमधून एक फेरी मारतं, की चहा उकळेपर्यंत मोजणी पूर्ण. आणि वहीशी ताडलं, तर जुन्या मालातही एकही खोकं कमी नाही बरं का!"

"वा! म्हणजे आधी कमी भरत होती?"

व्यापाऱ्याचा आवाज जरा उतरला. "दर खेपेला. गेनबा थप्पीवर हात ठेवून मोठ्यानं मोजायचा, मी समोर बसून पाटीवर रेघा ओढायचो. त्याचा आकडा दर थप्पीला माझ्यापेक्षा एकानं जास्त. चोरी झाकायला वाढवून सांगतोय, दुसरं काय! शेवटी सगळ्या हमालांदेखत त्याला चोर म्हणालो आणि काढून टाकला. यंत्र त्यानंतर घेतलं."

एवढं स्वतःच्या तोंडानं सांगूनही त्याला काही उमगलं नाही. आपलं बोलणं आपल्याला तरी कुठे ऐकू येतं?

"हा गेनबा आधी काय करायचा?" गुरुजींनी विचारलं.

"अडत्याकडे धान्य मापायचा. आता म्हणे त्याला कुणी कामावर घेत नाही. चोराला कोण घेणार?"

गुरुजींनी पुडा सोडला आणि एकेक पेढा उचलून ताटात मांडू लागले. "लाभ, दोन, तीन, चार..."

वय झालं आता, असं व्यापाऱ्याच्या मनात आलं. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, एक म्हणायचा राहिला."

"राहिला कसा? पेढा तर ताटात आहे."

"पण तुम्ही 'लाभ' म्हणालात. गेनबाही प्रत्येक थप्पीला आधी तसंच म्हणायचा. मला वाटायचं, देवाचं नाव घेतोय. मी रेघ त्याच्या पुढच्या..."

व्यापारी ताटातल्या पहिल्या पेढ्याकडे पाहू लागला. चेहरा पांढराफटक पडला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "धान्य मापणारा माणूस पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. त्याचं पहिलं खोकं दर वेळी तुझ्या पाटीतून गळलं. अरे, 'गेनबा, हा शब्द कसला रे?' एवढं विचारलं असतंस तर! न कळलेल्या शब्दाला आपण फार लवकर लबाडी ठरवतो. यंत्र उत्तम आहे, बाळ. त्यानं खरं ते सांगितलं. आता सांगायची पाळी तुझी. चारचौघांत चोर म्हणालास ना? मग चारचौघांतच जा."

व्यापारी पेढ्याला हात न लावता उठला. त्यानं गेनबाला निरोप धाडला. गेनबा गोदामाच्या फाटकाशी आला, पण आत पाऊल टाकेना. सगळे हमाल कामं थांबवून पाहत होते. व्यापाऱ्यानं त्यांच्यादेखत हात जोडले. "गेनबा, तुझी मोजणी खरी होती. चुकलो मी."

गेनबा म्हणाला, "शेठ, ह्यांनी ऐकलं, बरं झालं. पण माझ्या घरी पण येऊन सांगा. बायकोनं त्या दिवसापासून मान वर केली नाही."

व्यापाऱ्याची गाडी फाटकातच उभी होती. तिच्याकडे न पाहता तो गेनबाच्या मागोमाग वस्तीकडे चालू लागला.