दूधआईची जागा

फार पूर्वी, समुद्रापलीकडच्या पोर्तुगाल देशात, ऑलिव्हच्या बागांनी वेढलेल्या एका गावात दुआर्ते नावाचा वतनदार राहत होता. त्याच्या पणजोबांनी घरापुरतं एक छोटं चर्च बांधलं होतं. गावात त्याला चॅपेल म्हणत. पणजोबांच्या अटी कडक होत्या. वतनाची वाटणी करायची नाही, ते थोरल्याकडेच जायचं. थोरल्याने चॅपेलमध्ये पुरलेल्या सगळ्यांसाठी दर रविवारी प्रार्थना करवायची. आणि चॅपेलच्या फरशीखाली फक्त रक्ताच्या माणसांनाच जागा! ही अट मोडली, की वतन पुढच्या वारसाचं.

दुआर्तेची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. त्याला दूध पाजायला आणलेल्या इरिया नावाच्या दाईचं तान्हं तेव्हा नुकतंच दगावलं होतं. तिने या पोराला छातीशी धरलं ते कायमचंच. तापात त्याच्या उशाशी ती, आणि त्याच्या लग्नात सगळ्यांत मोठ्याने रडली तीही तीच. "नवरीपेक्षा तुझंच रडं जास्त!" म्हणून दुआर्ते तिला चिडवायचा.

इरिया म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. एके सकाळी ती म्हणाली, "पोरा, आम्हा गरिबांना गावाबाहेर एकाच खड्ड्यात पुरतात. माझं बाळही तिथेच आहे. नेमकं कुठे, ते मला कधी सापडलंच नाही. तेवढंच मनाला लागतं बघ."

दुआर्तेने तिचा हात धरला. "तू माझ्या आईशेजारी निजशील."

"वेडा कुठला! ती जागा तुझी आहे."

"मला मिळेल कुठेतरी."

पुढे थोड्याच दिवसांत इरिया गेली. पाद्रीबाबांनी दुआर्तेला बाजूला घेतलं. "मन आवर, बाबा. पुढचा वारस तुझा चुलतभाऊ लोपो, तो टपून बसलाय. वतन जाईल."

दुआर्तेने बायकोकडे पाहिलं. मेसिया म्हणाली, "माझ्या माहेरची लहानशी बाग आहे. दोघांचं भागेल. तुम्ही शब्द दिलाय ना?"

इरियाला चॅपेलमध्येच पुरलं. लोपोने लगेच तक्रार केली आणि न्यायाधीश चौकशीला आले. ते मनाने मऊ होते. त्यांनी हळूच विचारलं, "ही बाई तुमच्या लांबच्या नात्यातली असेल, नाही का?"

नुसती मान हलवली असती तरी वतन वाचलं असतं. पण दुआर्ते म्हणाला, "नाही, महाराज. ती शेतमजुराची लेक. रक्ताची नव्हती. पण माझी आईच होती."

न्यायाधीशांचा नाइलाज झाला. वतन लोपोला मिळालं.

"आजच हिला उकरून बाहेर काढतो!" लोपो गरजला.

"थांबा," न्यायाधीश म्हणाले. "पवित्र जागेत पुरलेल्याला हलवता येत नाही. आणि वतन घेतलंत म्हणजे अटीही घेतल्यात. इथल्या सगळ्यांसाठी प्रार्थना आता तुम्ही करवायची. इरियासाठीसुद्धा!"

लोक गालातल्या गालात हसले. दुआर्ते मात्र चॅपेलच्या पायरीवर बसून पोटभर रडला आणि मग बायकोबरोबर तिच्या बागेत राहायला गेला.

वर्षं लोटली. एका रविवारी दुआर्ते इरियाच्या फरशीवर फुलं ठेवत होता. लोपो काठी टेकत जवळ आला. त्याचेही केस आता पिकले होते.

"हिचं नाव ऐकून ऐकून कान किटले. होती तरी कशी रे ही?"

दुआर्ते सांगत बसला. तिची अंगाई, तिच्या शिव्या, तापात कपाळावर ठेवलेला तिचा खरखरीत हात. लोपोही शेजारी टेकला.

"मला कितीतरी दाया होत्या," तो म्हणाला. "एकीचंही नाव आठवत नाही. माझी पोरं आतापासूनच भांडतात. मी गेल्यावर माझ्यासाठी मनापासून प्रार्थना कोण करील रे?"

दुआर्तेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी करीन. पण आज उठ, जेवायला चल. मेसियाने गरम सूप केलंय."

तात्पर्य: वतन वारशाने मिळतं, माणसं मात्र मायेनेच जोडावी लागतात.