वाफा भरेपर्यंत

फार वर्षांपूर्वी, कोनवडीच्या विहिरीवर पहिलं इंजिन बसलं आणि मोटा बंद पडल्या, तेव्हाची ही गोष्ट. त्या काळी गावात विसर पडलेल्या म्हाताऱ्यांना घरात बांधून ठेवत. दुष्टपणानं नव्हे हो, धास्तीनं. माणूस उन्हातान्हात बाहेर पडायचं आणि परतीची वाट विसरायचं.

ठकूबाईचा सासरा गेनुबा जन्मभर मोट हाकलेला माणूस. आता तो सुनेलाच विचारायचा, "कोन गं बाई तू?" शेतावर जाताना ती त्याला मोटेच्याच जुन्या दोरानं खांबाला बांधायची. मग खुरपताना जीव टांगणीला. गाठ सुटली तर? गाठ काचली तर?

एके दुपारी ती घरी आली, तर खांबाला नुसता दोर. ती तशीच विहिरीकडे धावली.

मोट कशी चालायची ठाऊक आहे ना? बैल उतारावरून खाली जायचे तेव्हा पाण्यानं भरलेली चामड्याची मोट वर यायची, आणि ती रिकामी झाली की बैल पाठमोरेच विहिरीकडे सरायचे. खाली जाताना मोटकरी गाणं म्हणायचा, गाणं संपलं की बैलांबरोबर मागं यायचा. कुठं थांबायचं ते बैलांना कळायचं. गेनुबा तसाच मागं मागं सरत होता, पण बैल नव्हते आणि विहिरीला कठडा नव्हता.

"मामंजी, थांबा!" त्यानं ऐकलं नाही. धावत जाऊन धरावं, तर दचकून तोल जायचा. तिला त्याच्या गाण्याच्या दोनच ओळी येत होत्या. तिनं त्या म्हटल्या:

"चल माझ्या मण्या, उन्हं गेली उतरून,
पाटानं पाणी गेलं, वाफा आला भरून."

गेनुबा वळला आणि उतारावरून खाली चालू लागला. पण ओळ संपली की पुन्हा मागं. सहा पावलं पुढं, सात पावलं मागं. असं ती किती वेळा गायली कोण जाणे. विहिरीतलं पाणी काठापर्यंत चढून ऐकत होतं, असं म्हणतात. शेवटी तिच्या घशाला कोरड पडली. "वाफा आला..." एवढं म्हणून आवाजच बसला. आता मेला म्हातारा, माझ्यापायी मेला, असं तिच्या मनात आलं आणि तिनं डोळे मिटले.

"भरून," गेनुबा म्हणाला. "मधीच थांबतीस व्हय, पोरी? भरला वाफा. सोड बैलं."

आणि तो उतारावरच खाली बसला. वाफा भरला की नाही हे मोटकऱ्यानं सांगायचं असतं, गाणाऱ्या बाईनं नव्हे. तिचं इतका वेळ तिथंच चुकत होतं.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई घरोघर गेली, म्हाताऱ्यांना सोडा आणि विहिरीवर गायला आणा, असं सांगत. लोक तिच्यावर खेकसले, "एखादा बुडाला तर?" ती म्हणाली, "मला बी लई भ्या वाटतंय. म्हनून तर मी संगं बसनार हाय." अकरा म्हातारे विहिरीपाशी जमले. चार वर्षं मुकी बसलेली सोनाई कुंभारीण त्या दिवशी "भरून" म्हणाली आणि कोरड्या पाटाला पाणी आलं, असं म्हणतात. ठकूबाईची भीती मात्र कधीच गेली नाही. गाता गाता ती डोकी मोजायची. अकरा भरली तरी पुन्हा मोजायची.

पुढं तिलाही विसर पडला. ती आपलं नाव विसरली, लेकरं विसरली, पण गाणं सुरू झालं की तिचं बोट हवेत फिरायचं, एक, दोन, तीन.

आज त्या विहिरीला कठडा आहे आणि मोट कुणी पाहिलेली नाही. तरी दर सोमवारी दुपारी कोनवडीतले विसरलेले तिथं आणून बसवतात. बांधायचा दोर घरून आणायचा आणि विहिरीजवळच्या खांबाला टांगून ठेवायचा. गाणारी "वाफा आला" एवढंच म्हणते आणि थांबते. पुढचा शब्द त्यांच्यातल्या कुणी तरी म्हणायचा. कधी तो लगेच येतो, कधी उन्हं कलतात. शब्द येईपर्यंत कुणी उठत नाही, आणि वाट बघताना गाणारी डोकी मोजत राहते.