गुरुजींच्या लेकीची आठवण

पुष्कळ वर्षे लोटली या गोष्टीला. किती, ते विचारू नका. माझ्या पणज्यालाही ती जुनी गोष्ट म्हणूनच ठाऊक होती.

डोंगरांच्या मधोमध एक खोरे होते. खोऱ्यात एक गाव आणि गावाभोवती सात वाड्या. कुणी मासे धरत, कुणी मेंढरे राखत, कुणी बांबूच्या टोपल्या विणत. राजा फार लांब राहत असे आणि त्याचे हुकूम कागदावर लिहून येत. ते वाचता येणारा त्या खोऱ्यात एकच माणूस होता. त्याचे नाव त्रिंबक, पण सारे त्याला गुरुजीच म्हणत.

या त्रिंबक गुरुजींनी तरुणपणीच ठरवून टाकले होते, की खोऱ्यात एकही माणूस अक्षराविना राहू द्यायचा नाही. असे पुष्कळजण ठरवतात. हा माणूस मात्र ठरवल्याप्रमाणे वागला, तोही चाळीस वर्षे. रोज एक वाडी. सोमवारी कोळ्यांची, मंगळवारी धनगरांची, असे करत सातव्या दिवशी सर्वांत दूरची, घाटावरची बुरूडवाडी. पाठीवर लाकडी धुळपाटी आणि कमरेला बारीक धुळीची पिशवी. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचे, पुसायचे आणि पुन्हा काढायचे. आपण पावसाने कंटाळतो, उन्हाने कंटाळतो. गुरुजी कशानेच कंटाळले नाहीत.

घरी त्यांची एकुलती एक लेक होती, गोदा. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती आणि आत्याने तिला वाढवले होते. गुरुजी पहाटे निघत, दिवेलागणीला परतत. जेवायला बसत तेव्हा त्यांचे डोळे मिटत असत.

"बाबा, मलाही अक्षरं शिकवा ना," गोदा म्हणे.

"शिकवीन हो. तू तर घरचीच आहेस. उद्या बसू आपण."

तो उद्या कधी उजाडला नाही. मला या माणसाचा राग येतो, हे आत्ताच सांगून टाकतो. पण त्याची चूक वाईट माणसाची नव्हती. घरचे माणूस कुठे पळून जाते, असे त्याला वाटे आणि तेवढ्या भरवशावर तो घरच्यांची वेळ बाहेरच्यांना देत राहिला.

गोदा मोठी झाली. गावातच लग्न होऊन दोन घरे पलीकडे नांदू लागली. आत्या वारली. सातही वाड्यांतली माणसे आता स्वतः हुकूम वाचत, स्वतः अर्ज लिहीत, आणि त्यांना कुणी फसवू शकत नसे. गुरुजींच्या लेकीला मात्र स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.

मग एका हिवाळ्यात गुरुजी आजारी पडले आणि चार दिवसांत गेले. सारे खोरे लोटले. गोदाला तेव्हा सातवा महिना होता. पुढे तिला मुलगा झाला.

त्या खोऱ्यात एक रीत होती. माणूस गेल्याला वर्ष झाले की त्याच्या अंगणात गाव जमे. त्याच्या रक्ताच्या माणसाने उभे राहून त्याची एक आठवण सांगायची. ती त्या दोघांमधलीच हवी आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेली हवी. ऐकीव चालत नसे. मग गेलेल्याचे नाव घरातल्या बाळाला देत. आठवण सांगणारे कुणीच नसेल, तर ते नाव त्या घरात पुन्हा ठेवत नसत. तो माणूस तिथेच संपला असे समजत.

गोदाने मुलाचे बारसे राखून ठेवले होते. सारे त्याला नुसते 'बाळ' म्हणत. त्याला त्रिंबक हे नाव द्यायचे, एवढीच एक इच्छा तिने धरली होती आणि गुरुजींच्या रक्ताचे बोलते माणूस ती एकटीच उरली होती.

वर्ष भरायला आठ दिवस उरले तेव्हा ती आठवण शोधायला बसली आणि तिला घाम फुटला. ताटावर पेंगणारे बाबा आठवत होते. वळणावर दिसेनासे होणारे बाबा आठवत होते. पण ते तर कुणीही पाहिले असते. तिचे आणि त्यांचे, दोघांचे असे काही हाती लागेना.

नवरा म्हणाला, "अगं, एखादी जोडून सांग. कोण येतंय पाहायला?"

"बाबांच्या नावाला खोटं जोडू?" गोदा म्हणाली. "आणि मग तेच नाव बाळाला देऊ?"

दुसऱ्यांच्या आठवणी ऐकताना आपलीही एखादी वर येईल, अशा आशेने तिने बाळाला कडेवर घेतले आणि ती वाड्यांच्या वाटेला लागली.

कोळीवाडीत एक दांडगा गडी तिला म्हणाला, "मी तापानं फणफणलो होतो लहानपणी. गुरुजी दिवसभर माझ्या उशाशी बसून गोष्टी सांगत होते." धनगरवाडीत एक बाई म्हणाली, "थंडीत बोटं वळायची नाहीत ना, तर आधी शेकोटी करायचे, आमचे हात शेकायचे आणि मगच अक्षर काढायला लावायचे." तिसऱ्या वाडीत कुणी सांगितले, ओढ्याला पाणी आले की गुरुजी पोरांना खांद्यावर घेऊन पार करत. चौथीत कुणी त्यांचे गाणे म्हणून दाखवले. बाबा गात असत, हे गोदाला त्या दिवशी कळले.

सगळे तिला जेवू घालत, बाळाला मांडीवर घेत, गुरुजींचे नाव काढून डोळे पुसत. गोदा मात्र ताट तसेच बाजूला सारी. तिचे कधी त्यांनी हात शेकले नव्हते. तिच्या वाटणीचे सारे इथे वाटले गेले होते. असे वाटल्याची तिला लाजही वाटली, पण वाटायचे थांबले नाही.

सहा वाड्या झाल्या आणि हाती काहीच आले नाही. सातवीला जाऊ नये असेच तिच्या मनात होते. पण दिवस हाताशी होता, म्हणून ती घाट चढली.

बुरूडवाडीत पहिल्याच झोपडीपुढे एक म्हातारी बांबू सोलत बसली होती. सारजाआजी तिचे नाव. साठी उलटल्यावर ती अक्षरे शिकली होती, गुरुजींची वयाने सर्वांत मोठी विद्यार्थिनी. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "ये गोदा. बस."

"आजी, मला कसं ओळखलंत? मी तर इथं कधी आले नाही."

"भिवईवर खूण हाय की. चुलीपाशी पडलीस तवा तीन वर्साची हुतीस. तुज्या बानं समदं सांगितलंय." आजी हसली. "आन तुजे दात! पोरीचे वीस दात, पाच पडले, उरले किती? फुडच्या आठवड्याला आला की म्हनायचा, आज सहावा पडला, आता किती? आमची समदी वाडी तुज्या दातांवर वजाबाकी शिकली बग."

गोदाला आधी हसू आले. मग ते हसू कुठल्या कुठे गेले.

आजी सांगतच राहिली. गोदाने बैलाच्या शिंगात आपली बांगडी अडकवली होती ते. आत्यावर रुसून कणगीमागे लपली होती ते. कितीतरी गोष्टी गोदा स्वतः विसरून गेली होती आणि घाटावरच्या या म्हातारीला त्या पाठ होत्या. तिचे सारे लहानपण तिच्या बापाने सात वाड्यांत नेऊन सांगितले होते.

"मग मला का नाही कधी काही बोलले?" गोदाने विचारले. "एकदा तरी जवळ बसवायचं होतं."

"चुकलाच त्यो," आजी म्हणाली. तिने गुरुजींची बाजू घेतली नाही, म्हणून मला ती म्हातारी आवडते. "लोकांला बोलायला शिकवलं, आन घरात तोंड शिवलेलं. पर येक सांगू? आमच्याकडं दर खेपेला उशिरा यायचा. आमी इचारायचो, गुरुजी, उशीर का? म्हनायचा, लेक उठायची वाट बगत दारात हुबा ऱ्हातो. उठली तर दोन सबूद बोलून निगावं. पर पोर उठतच नाय. झोपलेल्या लेकराला उठवायचं तरी कसं?"

बाळाने गोदाचा पदर ओढला तरी तिला कळले नाही.

"आजी," ती म्हणाली, "मी जागी असायचे."

वर्षाच्या दिवशी गुरुजींच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सातही वाड्या आल्या होत्या. त्या प्रत्येकाजवळ सांगण्यासारखे पुष्कळ होते, पण रीत होती म्हणून सारे गप्प बसले होते. गोदा उभी राहिली.

"बाबा पहाटे निघायचे तेव्हा माझ्या दारात थांबायचे," ती म्हणाली. "मी डोळे मिटून पडलेली असायचे. त्यांनी हाक मारावी, मग उठावं, असं मनात असायचं. ते उभेच राहायचे आणि मग निघून जायचे."

गावातला सर्वांत वृद्ध माणूस काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. रीत सांभाळणे हे त्याचे काम. तो हळूच म्हणाला, "पोरी, डोळे मिटले होतेस. मग हे पाहिलेलं कसं म्हणायचं?"

"एकदा पाहिलं, आजोबा. सात-आठ वर्षांची होते. पापणी थोडी उघडली. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरलेले होते. मी झटकन डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली. हाक आली नाही. पावलं लांब गेली." गोदाने पदर तोंडाशी धरला, पण बोलणे थांबवले नाही. "मला वाटलं, मी जागी आहे हे कळूनही ते गेले. त्या रागात मी ती आठवण टाकून दिली. परवा कळलं, त्यांना मी झोपलेलीच वाटत होते. ते माझी वाट बघत होते आणि मी त्यांची. मधे चार पावलं होती. बाबा रोज चार कोस चालायचे हो, तेवढी चार पावलं तेही चालले नाहीत आणि मीही नाही."

वृद्धाने डोळे पुसले आणि म्हटले, "पाळणा आणा."

बाळाचे नाव त्रिंबक ठेवले.

सारजाआजी त्यानंतर महिनाभर गोदाकडे राहिली. सुपात पीठ पसरून, गोदाचे बोट धरून तिने तिला अक्षरे शिकवली, जशी तिला गुरुजींनी शिकवली होती. पहिला शब्द गोदाने आपणहून मागितला तो बापाच्या नावाचा.

तो काढता काढता तिने विचारले, "आजी, बाबांचा हात असाच जड होता का हो?"

"न्हाय गं," आजी म्हणाली, "लई हलका."

गोदाने तो शब्द पुसला आणि पुन्हा लिहिला. त्या दिवशी तिने तो किती वेळा लिहिला याची मोजदाद नाही.

तेव्हापासून त्या खोऱ्यात कितीही लवकर कामाला निघायचे असले, तरी माणूस झोपलेल्या लेकराच्या उशाशी वाकतो, त्याला हलवून जागे करतो आणि 'येतो हं' म्हणूनच उंबरा ओलांडतो. लेकरे कुरकुरतात, पण डोळे उघडतात.

तात्पर्य: दुसऱ्यांना दिलेली विद्या कुणाच्या तरी हाताने आपल्या घरी पोचते, पण मायेचा शब्द ज्याचा त्यानेच, वेळेवर, आपल्या तोंडाने सांगावा लागतो.