घाटात धोंडे टाकले तेव्हा

फार पूर्वी डोंगराच्या वर एक राज्य होतं आणि खाली समुद्राकाठी दुसरं. वर ज्वारी उदंड, पण मीठ नाही. खाली मिठागरं होती, पण खाऱ्या जमिनीत दाणा पिकेना. दोन्ही राजांचं पटत नसे. तरी घाटातून बैलांचे तांडे चढत-उतरत, म्हणून तलवारी म्यानात राहत.

वरचा सोमशेट धान्याचा व्यापारी. तो खालच्या धाकूकडून मीठ घेई. धाकूच्या लेकीच्या लग्नात तो घरच्यासारखा पंगतीत वाढायला उभा राहिला होता.

एकदा खालच्या राजाने सरहद्दीवरची टेकडी बळकावली. वरचा राजा संतापला. प्रधान म्हणाला, "महाराज, लढाई कशाला? घाट बंद करा. पोटाला चिमटा बसला की पाया पडत येतील."

दरबाराने माना डोलावल्या. राजाने सोमशेटला विचारलं, "तुझं खाली जाणं-येणं आहे. तुला काय वाटतं?"

सोमशेटला ठाऊक होतं, ती माणसं वाकणारी नव्हती. आपला दाणा त्यांना मिळत होता, तोवरच आपलं शिवार त्यांना जपावंसं वाटत होतं. पण राजाच्या कपाळावरची आठी पाहून त्याने हात जोडले.

"महाराजांची इच्छा," एवढंच तो बोलला.

घाटात धोंडे टाकले. वर जनावरं मिठावाचून खंगली. खाली चुली थंडावल्या. आधी म्हातारी माणसं गेली, मग तान्ही मुलं. टेकडी मात्र कुणी सोडली नाही.

ज्वारी कापणीला आली आणि खालची माणसं धोंडे ओलांडून वर चढली. त्यांत सैनिक थोडे, मिठागरवाले आणि कोळीच जास्त. त्यांनी कोठारं फोडली. जे नेता येईना ते पेटवलं.

सोमशेटच्या दारात धाकू उभा राहिला. गालफडं बसलेली, एका हातात कोयता, दुसऱ्या हातात पेटती चूड.

"धाकू, अरे, मी सोमशेट!"

"ओळखलं."

"लेक कशी आहे?"

"गेली. तिचं तान्हंही गेलं." धाकूने चूड पुढे धरली. "घाट बंद केला तेव्हा तुम्ही काय बोललात, शेट?"

सोमशेटने मान खाली घातली.

धाकूने कोयता उगारला नाही. चूड कोठारात टाकली आणि तो निघून गेला.

पुढे दोन्ही राजांनी तह केला, घाट उघडला. वर द्यायला दाणा नव्हता, खाली मिठागरं ओस पडली होती. सोमशेट उरलेला एक बैल घेऊन खाली उतरला. धाकूच्या दाराला कडी होती. शेजारणीने त्याला ओळखलं, पण पाणीसुद्धा विचारलं नाही.

तात्पर्य: देवघेव चालते तोवर शेजाऱ्यालाही आपण जगायला हवे असतो; ती तोडली जाताना जाणता माणूस गप्प बसला, तर पुढच्या वैरात त्याचाही हात असतो.